कोणी आढळले नाही

“मी ताईकडे चाललेय. सहाच्या बसनं. बहुतेक परत येणार नाही,” बायको म्हणाली.

“हं,” मिस्त्री म्हणाला आणि त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला.

चहात साखरेऐवजी मीठ होतं. दोन चमचे, सपाट. बायको समोरच्या स्टुलावर बसून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तोंडावर काही हललं नाही. त्यानं कप सिंकमध्ये ठेवला, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली, दारात ठेवलेली निळी बॅग ओलांडली आणि तो कामाला गेला. बॅग दारात का आहे, हे त्याच्या मनात आलं नाही. दिवसभर तो दोर, वायरी आणि तेलाचे डबे ओलांडतच असायचा. त्यात एक बॅग म्हणजे काही फार नव्हतं.

मिस्त्री लिफ्टचा होता. एकोणतीस वर्षं एकाच कंपनीत, आणि सध्या एकतीस लिफ्ट त्याच्या ताब्यात. स्वतः मात्र तो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहायचा. घर घेताना त्यानं एवढी एकच गोष्ट नीट पारखून घेतली होती. बायको घरी शिवणाचं काम करायची. नवे कपडे ती शिवत नसे. जुन्यांच्या चेनी बदलायच्या, पँटी आखूड करायच्या, पोटं पुढे आलेल्या माणसांच्या शिवणी उसवून त्यांना अजून दोन वर्षं काढू द्यायची. संध्याकाळी ती मशीनवर आणि तो टीव्हीसमोरच्या खुर्चीत. मशीन थांबलं की ती काहीतरी सांगायची. तो हं म्हणायचा. मशीन पुन्हा सुरू व्हायचं. सव्वीस वर्षं हे यंत्र बिनतक्रार चाललं होतं, आणि बिनतक्रार चालणाऱ्या यंत्राला हात लावायचा नाही, हे मिस्त्रीचं धोरण होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता टीव्हीवर भीतीच्या गोष्टींची एक मालिका होती. दर आठवड्याला एक भाग, भागात दोन गोष्टी. मिस्त्री दोन्ही गोष्टींच्या वेळी खुर्चीत उघड्या डोळ्यांनी झोपला होता. ही विद्या त्यानं कंपनीच्या बैठकांमध्ये कमावली होती. बायकोनं दोन्ही गोष्टी पाहिल्या. दुसरी संपल्यावर ती उठली, खुर्चीला वळसा घालून समोर आली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिनं काहीच विचारलं नव्हतं.

“हं,” मिस्त्री म्हणाला होता.

पहिला फोन साडेनऊला आला. एका आठ मजली इमारतीचे सेक्रेटरी होते. निवृत्त भूगोलशिक्षक, त्यामुळे गंभीर. त्यांचं म्हणणं असं की सकाळपासून त्यांच्या इमारतीत एकही माणूस लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार नाही. लोक जिने चढताहेत. दूधवाला खालीच पिशव्या ठेवून गेलाय आणि आठव्या मजल्यावरचे दंतवैद्य घरी अडकून पडलेत, कारण त्यांचे गुडघे गेलेत आणि हिंमतही. हे सगळं त्या पहिल्या गोष्टीमुळे.

मिस्त्री तिथं पोहोचला तेव्हा सेक्रेटरींनी त्याला ती गोष्ट सविस्तर सांगितली. एक कारकून ऑफिसातून घरी निघतो. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबते. दार उघडतं. समोर लांबच लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना दारं, आणि प्रत्येक दारावर त्याच कारकुनाच्या नावाची पाटी. तो बघायला म्हणून बाहेर पाऊल टाकतो. दार मागे मिटतं. लिफ्ट निघून जाते.

मिस्त्रीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की दोन मजल्यांच्या मध्ये दार उघडत नाही. उघडलं, तर दाराचं लॉक गेलेलं असणार. त्यात भुताचा काही दोष दिसत नाही.

सेक्रेटरींचं समाधान झालं नाही. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये काही नाही, असं लिहून हवं होतं त्यांना. लेखी.

मिस्त्रीकडे तपासणीच्या पावत्यांचं पुस्तक असायचं. पांढरी प्रत इमारतीला, गुलाबी ऑफिसला, पिवळी पुस्तकातच. पत्ता, मजले, बिघाडाचा प्रकार, शेरा आणि सही. या पुस्तकाबाबत त्याचा एक नियम होता. ज्या म्हाताऱ्याकडे तो काम शिकला, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही. न बघता सही केलीस तर निदान त्या लिफ्टमधून स्वतः जाऊ नकोस. मिस्त्रीनं यातला पहिला भाग आयुष्यभर पाळला, म्हणून दुसऱ्याची वेळ आली नाही. तेव्हा आता चौथ्या-पाचव्याच्या मध्ये काही नाही असं लिहायचं, तर तिथं जाऊन बघणं भाग होतं.

तो लिफ्टच्या टपावर चढला आणि टपावरचं बटण दाबून सावकाश वर निघाला.

लिफ्टच्या टपावरून वर जाताना जग बाजूनं खाली जातं. अंधार असतो, पण काळा नसतो. प्रत्येक मजल्याच्या दाराच्या फटीतून उजेडाची एक उभी रेघ आत येते, अंगावरून फिरते आणि पायाखाली विझते. फटींमधून आवाज येतात. कुणी भांडं घासतंय, कुणी फोनवर नाही म्हणतंय, कुणाचा नळ वाहतोय. मिस्त्रीला या शहरातली शेकडो घरं अशी बोटभर रुंदीची माहीत होती. अर्ध्या वाटेवर वरून वजनाचा तो मोठा लोखंडी ठोकळा उतरत येतो. लिफ्ट वर गेली की तो खाली, ती खाली आली की तो वर. दोघं एकाच दोराला बांधलेली असतात आणि प्रत्येक फेरीत एकदाच, वीतभर अंतरावरून, काही न बोलता एकमेकांच्या शेजारून जातात. मिस्त्रीला तो ठोकळा फार आवडायचा. तो दिसला की सगळं ठीक चाललंय असं वाटायचं.

चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये त्यानं लिफ्ट थांबवून बॅटरी मारली. भिंत, दोन बोल्ट, आणि कुणीतरी कधीतरी वरून पाडलेला एक दात. दंतवैद्यांचा असावा, म्हणजे त्यांच्याकडचा. त्यानं तो रुमालात गुंडाळून खाली आणला आणि पावतीवर, शेऱ्याच्या रकान्यात, लिहिलं: ‘चौथा व पाचवा मजला यांच्यामधील जागा तपासली. कोणी आढळले नाही.’ खाली सही केली.

ही त्याची चूक झाली.

सेक्रेटरींनी पावतीचा फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो दंतवैद्यांच्या पेशंटांकडे गेला, पेशंटांकडून त्यांच्या इमारतींमध्ये, आणि साडेअकराच्या आत मिस्त्रीला आणखी चार बोलावणी आली. सगळ्यांना तशीच पावती हवी होती, शिक्क्यासकट. एका ठिकाणी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये तपासून पाहिजे होतं, इमारतीला चौथा मजलाच नसल्यामुळे. एका ठिकाणची लिफ्ट दोन महिने बंदच होती, पण बंद लिफ्टमध्येच तर काहीतरी येऊन राहतं, असं कमिटीचं मत पडलं.

दुपारी ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. गुलाबी प्रती अजून पोहोचल्या नव्हत्या, पण फोटो पोहोचला होता. त्या रागावल्या नाहीत. त्यांना फक्त नोंद करायची होती.

“भूत यांत्रिक बिघाडात धरायचं का विजेच्या?” त्यांनी विचारलं.

मिस्त्रीनं विचार केला. “इतर,” तो म्हणाला.

सहावी इमारत नऊ मजल्यांची होती. पोहोचेपर्यंत चार वाजले. तिथला वॉचमन म्हणाला, नुसतं बघून चालणार नाही, हाक मारून बघा. काही गोष्टी दिसत नाहीत पण हाकेला ओ देतात. मिस्त्रीला हे पटलं नाही, पण नियमात बसत होतं. तो टपावर चढला. सहावा मजला मागे गेला, सातवा अजून यायचा होता, तिथं त्यानं लिफ्ट थांबवली. वजनाचा ठोकळा केव्हाच शेजारून उतरून गेला होता. वर अंधार, खाली अंधार, आणि मधे बॅटरीचा एक पिवळा गोळा.

“कोणी आहे का?” त्यानं विचारलं.

“हं,” उत्तर आलं.

मिस्त्री जागच्या जागी थिजला. खाली वॉचमनच्या खुर्चीचा आवाज झाला, मग चपलांचा, मग गेटचा. वॉचमन रस्ता ओलांडून समोरच्या बाकावर जाऊन बसला होता, आणि पुढचे चार दिवस तो तिथूनच पहारा देणार होता.

टपावर मिस्त्री उभा. प्रतिध्वनी म्हणावा तर प्रतिध्वनीनं प्रश्न परत केला असता, उत्तर दिलं नसतं. आवाज जवळचा होता. भरदार, जरा घोगरा, ओळखीचा. अगदी रोजचा. पुरती दोन मिनिटं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आवाज त्याच्याच गळ्यातून आला होता. कोणी काही विचारलं, की हं. विचारणारा आपणच आहोत, एवढंसुद्धा बघायला तो हं थांबला नव्हता.

सातव्या मजल्याचं दार त्यानं आतून उघडलं आणि तो बाहेर आला. समोर हातात पिशवी घेऊन एक आजी उभ्या होत्या. त्या सातव्यावर एकट्या राहायच्या आणि आज इमारतीत लिफ्टची वाट बघणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मिस्त्रीला त्या वीस वर्षं ओळखत होत्या.

“तो हं तुझाच ना रे?” त्या म्हणाल्या.

मिस्त्रीनं मान हलवली.

आजी म्हणाल्या की त्यांना ऐकून बरं वाटलं. काल दुसरी गोष्ट बघितल्यापासून त्यांच्या कानात हंच घुमतोय. पहिली काय, पहिली बावळट होती. त्या कारकुनानं एवढ्या दारांतलं एक तरी वाजवून बघायचं होतं. पण दुसरी. दुसरी त्यानं बघितली का?

मिस्त्री म्हणाला की तो समोरच बसला होता, पण नाही.

मग आजींनी पिशवी खाली ठेवली आणि दुसरी गोष्ट सांगितली. एक बाई असते. रोज संध्याकाळी ती काम करता करता नवऱ्याशी बोलते. नवरा खुर्चीत, आपल्याला फक्त पाठ दिसते, खुर्चीची. ती म्हणते, आज नळ गळत होता. तो म्हणतो, हं. ती म्हणते, माझी दाढ दुखतेय. हं. शेजारीण गेली. हं. असं बराच वेळ चालतं, इतका वेळ की आपल्याला कंटाळा येतो. मग एके दिवशी ती उठते आणि खुर्चीला वळसा घालून समोर येते. खुर्ची रिकामी. बसायच्या जागेवर बोटभर धूळ. वर्षानुवर्षं कुणी बसलेलंच नाही. ती थोडा वेळ बघते, परत आपल्या जागी जाऊन बसते आणि म्हणते, उद्या नळवाला येणार आहे.

“आणि खुर्चीतून आवाज येतो,” आजी म्हणाल्या, “हं.”

  मिस्त्रीकडे एक शब्द होता, तो आता वापरायची सोय नव्हती. त्यानं विचारलं, की मग आजींना भीती वाटली का.

“मला कशाला वाटेल? माझ्याकडे खुर्ची आहे, धूळ आहे. हं तेवढा येत नाही.” त्यांनी पिशवी उचलली. “आला असता तर ठेवून घेतला असता.”

तेव्हा मिस्त्रीच्या जिभेच्या मुळाशी काहीतरी खारट उगवलं. आधी त्याला वाटलं, घाम. मग एकेक मजला थांबत सकाळ खाली उतरू लागली. चहा. चहा खारट होता. समोर स्टुलावर बायको, हात मांडीवर, मशीन बंद. दारात निळी बॅग. आणि सगळ्यात शेवटी, अगदी तळाला येऊन टेकलं ते वाक्य, ताईकडे, सहाच्या बसनं, बहुतेक.

त्यानं घड्याळ पाहिलं. लिफ्टचा खटका तपासणीवरून नेहमीवर आणला, कारण आजींना खाली जायचं होतं. पावती लिहिली नाही. आजींसोबत लिफ्टमधून खाली उतरला, आणि ती सबंध नऊ मजली इमारत तशीच अर्धवट सोडून स्कूटरला किक मारता झाला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

तीन मजले चढून तो दारात आला तेव्हा पावणेपाच वाजले होते. बॅग तिथंच होती. या वेळी त्यानं ती ओलांडली नाही. तिच्यासमोर उभा राहिला. चेनी बदलणाऱ्या बाईच्या बॅगेची चेन तुटलेली होती आणि तोंड सुतळीनं आवळलेलं होतं.

बायको मशीनवर होती. एका गिऱ्हाइकाची पँट साडेपाचला द्यायची होती. परत न येणारं माणूस असलं म्हणून काय, पँट अर्धवट ठेवायची तिची पद्धत नव्हती.

“चहा खारट होता,” मिस्त्री म्हणाला.

मशीन थांबलं. “सकाळचा?”

“सकाळचा.”

“साडेआठ तास लागले,” ती म्हणाली. तिनं दातांनी दोरा तोडला. “अहो, मला वाटलं पहिल्या घोटाला थुंकाल. मग वाटलं, दुसऱ्या. तुम्ही तर तळाची पावडरसुद्धा पिऊन गेलात.”

तो म्हणाला की त्यानं आज दुसरी गोष्ट ऐकली. तिनं मान हलवली. मग खिडकीकडे बघत सांगितलं, की काल ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली, ती खरं तर धूळ बघायला आली होती. धूळ नव्हती. ती रोज पुसतेच. पण त्यामुळे तिला काही कळेना. धूळ नाही म्हणजे माणूस आहे, की नुसतीच ती पुसते म्हणून नाही. रात्रभर हेच डोक्यात. म्हणून मीठ.

“बॅगेची चेन गेलीय,” मिस्त्री म्हणाला.

“सात वर्षं झाली. सांगितलं होतं तुम्हाला.”

तो हं म्हणाला असणार. दोघांनाही ते माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

मग तिनं फोन उचलून त्याच्यासमोर धरला. पावतीचा फोटो होता. तिला तो तीन गिऱ्हाइकांनी पाठवला होता. त्यातल्या एकानं विचारलं होतं, हे तुमचेच ना. ती म्हणाली की अक्षर छान आलंय. ती म्हणाली की गावभर वाटलीत, तर एक इकडेही द्या.

“कशाची?”

“घरात माणूस आहे म्हणून.”

ती हसेल असं मिस्त्रीला वाटलं. ती हसली नाही. त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं, कार्बन सारखा केला आणि मशीनच्या फळीवर टेकवून लिहायला घेतलं. पत्ता. तो त्यानं कधी या पुस्तकात लिहिला नव्हता. मजला, तिसरा. बिघाडाचा प्रकार, इतर. शेऱ्यापाशी पेन थांबलं.

बाहेर कुणाचा तरी नळ वाहत होता. तो थांबला. पेन थांबलेलंच.

“तपासल्याशिवाय सही करत नाही मी,” तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचे कान लाल झाले.

“ठाऊक आहे,” बायको म्हणाली. सव्वीस वर्षांत तिनं हे निदान शंभरदा ऐकलं होतं. ती ऐकत असायची.

तिनं पुस्तकातून पांढरी प्रत अलगद फाडली, शेरा कोरा, सही कोरी, आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. गिऱ्हाईक आलं, पँट घेऊन गेलं. ती उठून चपला घालू लागली. ताईला कळवलंय, ताई वाट बघेल, ती म्हणाली.

मिस्त्रीनं बॅग उचलली. एवढी जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. दोन-चार दिवसांचं सामान नव्हतं ते. तीन मजले उतरताना त्यानं दोनदा ती खाली ठेवली. दोन्ही वेळा बायको एक पायरी खाली जाऊन थांबली. चौकात बस उभी होती. तिला खिडकीची जागा मिळाली. बॅग वर चढवताना सुतळी सुटली, ती त्यानं पुन्हा बांधली, दोर बांधतात तशा गाठीनं, जी ओढावी तशी घट्ट होते.

बस सुरू झाल्यावर तिनं काच सरकवली.

“रविवारी येऊन बघते,” ती म्हणाली. “तपासायला. कोणी आढळलं, तर सही घेते.”

मिस्त्रीच्या गळ्यात तो शब्द आला. अगदी दाताच्या मागे येऊन उभा राहिला. त्यानं तोंड मिटलं आणि मान हलवली, जोरात, दोनदा, लांबून दिसेल अशी. बस वळणावर गेली तरी तो मान हलवतच होता. चौकातल्या उसाच्या रसवाल्यानं ती मान बघून त्याला एक ग्लास रस भरून दिला. त्याला वाटलं, हवाय.

घरी परत आला तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. मशीनवर झाकण घातलेलं होतं. स्टूल नेहमीच्या जागी. टीव्ही त्यानं लावला नाही. खुर्ची उचलली, फिरवली आणि मशीनकडे तोंड करून ठेवली. फरशीवर जिथं तिचे चार पाय इतकी वर्षं होते, तिथं चार स्वच्छ गोल उमटलेले होते. तो बसला. हात मांडीवर ठेवले.

“आज सहा लिफ्ट बघितल्या,” तो स्टुलाला म्हणाला.

मग थांबला. ती थांबायची, तेवढाच.

नळ पुन्हा सुरू झाला होता. ऊन स्टुलाच्या एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलं.

“एकीत दात सापडला,” तो म्हणाला.